राखीव हवेची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, हवेची. पाण्यात खोल उतरणारे पाणबुडे मला कुशीला अडकवून नेतात. माझं अंग अॅल्युमिनियमचं, गळ्याशी व्हॉल्व आणि हवा किती उरली ते सांगणारा एक काटा. मी राखीव टाकी आहे. मुख्य यंत्र बंद पडलं तरच माझी पाळी येते. म्हणून माझं बरंचसं आयुष्य नुसतं सोबत जाण्यात गेलं. असं सोबत जाणाऱ्याला सगळ्यांवर नजर ठेवायची सवय लागते. मी संशयी झाले ती अशी.

कारखान्यातून निघाले ती थेट मालवणला. सात वर्षं समुद्रात काढली, खाऱ्या पाण्याने रंग गेला. तिथेच शिवानी पाणबुड्याचं काम शिकली. ती नेकनूरच्या रुद्रप्पांची मुलगी. गावातल्या विहिरीत पोहायला शिकलेली ही मुलगी पुढे पाण्याने भरलेल्या गुहांतही उतरू लागली. परतताना तिने मला सोबत आणलं आणि रुद्रप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या ढेपांशेजारी माझी जागा झाली.

गेल्या वर्षी नेकनूरच्या शिवारातली एक जुनी बारव गाळ काढून मोकळी केली, तेव्हा तळाशी पाण्याने भरलेल्या भुयाराचं तोंड सापडलं. वरून नवा रस्ता जायचा होता. भुयार कुठवर गेलंय हे कळल्याशिवाय वर रोलर चालवणं धोक्याचं होतं. सरपंच विजयसिंह यांनी शिवानीकडून भुयाराचा नकाशा करून मागितला. तिच्या जोडीला तिचा मामेभाऊ केदारनाथ होता, तोही पाणबुडा.

साध्या टाकीतून श्वास घेतला की बुडबुडे छताला लागतात, माती झडते आणि पाणी गढूळ होऊन काही दिसत नाही. म्हणून दोघांनी रिब्रीदर नावाचं यंत्र घेतलं. ते सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांतून गाळतं, त्यातली घाण हवा शोषून घेतं, थोडा ऑक्सिजन मिसळून तोच श्वास परत देतं. यंत्र नवं होतं, चकचकीत होतं. मला त्याचा भरवसा वाटला नाही.

शिवानीलाही वाटला नसावा. खोलीच्या फरशीवर खडूने तिने हिशेब मांडला.

"एकशेऐंशी मीटर आत जायचं. तिथून माघारी यायला वीस मिनिटं. यंत्र बंद पडलं की माणूस घाबरून दुप्पट श्वास घेतो. अन् दहा मीटर खोलीवर हवा आणिक दुप्पट लागते."

"मग एका टाकीत भागतंय की," केदारनाथ म्हणाला.

"कागदावर भागतंय. टाकीनंच दगा दिला तर? एकेक टाकी कुशीला, अन् एकेक भुयाराच्या मध्यावर दोरीला टांगून ठेवायची."

"राखीवाला बी राखीव? यंत्र नवं हाय, शिवानी. इतका वहीम कावून?"

शिवानीने खडू बाजूला ठेवला. हिशेब मात्र पुसला नाही.

त्या दुपारी केदारनाथ एकटाच खोलीत आला. त्याने मला गळ्याशी धरून उचललं, कोपऱ्यात सरकवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी भुयारात उतरायचं होतं; सकाळी शिवानीने काटा पाहिला. भरताना दोनशेवर असलेला काटा एकशेसाठवर आला होता. माझी खात्रीच पटली. ह्याला जादा टाक्यांचं ओझं नको होतं, म्हणून गळ्याशी धरताना ह्याने व्हॉल्व हळूच ढिला केला असणार.

"तू हिला हात लावलतास का?" शिवानीने विचारलं.

"लावलता. जागा बदलली फक्त. वाल फिरवला न्हाई."

"मग हवा कुठं गेली?"

"मला काय ठाऊक? मी चोर हाय का?"

 मग शिवानीने मला उचललं आणि परसातल्या हौदात बुडवलं. माझ्या गळ्यापासून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. व्हॉल्वखालची रबरी रिंग वाळून चिरली होती. दोष माझ्यातच होता. मित्रांनो, इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

विजयसिंह बारवेवर वाट पाहत होते. "ताई, एवढी माणसं जमलीत. एका टाकीसाठी कावून थांबायचं?"

"हिच्यावर माणूस जगणार हाय, सरपंच. आज न्हाई उतरायचं."

तिने रिंग बदलली, मला पुन्हा भरलं आणि दिवसभर हौदात ठेवलं. काटा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला केदारनाथच्या कुशीला अडकवलं आणि आत जाताना मध्यावर जादा टाक्या टांगल्या.

भुयाराच्या टोकाशी पोचलो तेव्हा त्याची छाती वेगाने वरखाली होऊ लागली. डोकं ठणकत असावं. त्याने दोनदा कपाळ धरलं. यंत्राने श्वास गाळणं सोडलं होतं. त्याने धडपडत माझी नळी तोंडात घेतली. हिशेबात धरली होती त्याहून दीडपट वेगाने तो हवा ओढत होता. शिवानी त्याचा दंड धरून वाटेसाठी बांधलेल्या दोरीच्या आधाराने माघारी चालली होती. मध्यावर पोचलो तेव्हा माझा काटा नव्वदवर होता. दिसायला नव्वद पुष्कळ. पण त्या वेगाने मी त्याला बारवेपर्यंत पुरले नसते. तिथे टांगलेली टाकी शिवानीने त्याच्या तोंडाशी धरली. त्या टाकीच्या जोरावर तो जिवंत बाहेर आला.

बारवेच्या पायरीवर बसून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "चुना बदलला न्हाई मी. सरावात वापरलेलाच ठेवला. वाटलं, चालतंय."

शिवानीने त्याच्याकडे पाहिलं. "हवेसाठी तुझ्यावर वहीम घेतला. अन् चुन्याचं इचारलंच न्हाई मी."

पुढे आठवड्याने, नवा चुना भरून, नकाशा पूर्ण झाला आणि रस्ता थोडा बाजूने वळवला गेला. गावात माझं कौतुक झालं. रुद्रप्पांनी मला हळदकुंकू लावलं. तेव्हापासून मी त्याच खोलीत उभी आहे. माझ्या दाबाच्या तपासणीची मुदत संपली, तरी कोणी मला हलवलेलं नाही. सगळे म्हणतात, ही तर आपली भरवशाची.

मित्रांनो, मला याचीच भीती वाटते. माणसांवर डोळे रोखू नका, वस्तूंवर रोखा. मला हौदात बुडवा, तपासायला पाठवा, नापास झाले तर खुशाल भंगारात घाला. पण जुन्या उपकाराच्या भरवशावर मला कोणाच्या कुशीला बांधू नका.