हे उत्तर नाही, पण

उत्तराच्या जागी घुसलेली कमेंट बाळ खांबेट्यांना वासावरून कळायची. खोटं वाटत असेल तर दिल्लीतल्या मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्यांत परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा. 'शंकापेटी' नावाच्या मराठी प्रश्नोत्तरांच्या साइटवर ही मुलं दिवसभर पडीक, आणि बाळकाका तिथले रखवालदार. एकदा म्हणे काका सरोजिनी नगरात दुधी निवडत होते. मध्येच दुधी हातात धरून थबकले, नाक वर केलं आणि म्हणाले, "कुणीतरी 'मलाही हीच अडचण आहे' असं उत्तर म्हणून टाकलंय." फोन काढून बघतात तर खरंच! भाजीवाल्यानं घाबरून जुडीभर कोथिंबीर जास्तीची दिली.

शंकापेटीचा कायदा असा: प्रश्नाखाली मोठी जागा उत्तराची. तिथं उत्तरच लिहायचं. खाली बारीक अक्षरांची जागा कमेंटची. विचारपूस, आभार, शंका-कुशंका तिथं. पण पन्नास गुण जमेपर्यंत नव्या माणसाला कमेंट करताच येत नसे. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून लिहिता येई. मग नवी मंडळी बोलायचं असलं की उत्तराच्या जागेत शिरत, आणि सभ्यपणे सुरुवात करत, 'हे उत्तर नाही, पण...' काका तेवढंच वाचत आणि पुसत. मागे तयार शेरा ठेवत: 'हे उत्तर नाही. कृपया कमेंटमध्ये लिहावे.'

"अहो, पण त्यांना कमेंट करता येत नाही ना?" सुहासिनीकाकू विचारत.

"गुण मिळवावेत."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प बसावं. मी नाही ऑफिसात अकरा वर्षं साहेबासमोर गप्प बसलो?"

"घरी येऊन भरपाई करत होतात की!"

काका दिल्लीच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालेले. लेखी नसेल ते घडलंच नाही, हा त्यांचा तिथला बाणा. त्या बाण्यानं एकच माणूस जायबंदी झाला, पण तो नेमका गुणवंत होता.

गुणवंत प्रधान. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधला शेजारी, शाळेपासूनचा सोबती, पुढे बाळकाकांच्याच हाताखाली नोकरीला. एका सकाळी काका चष्मा घरी विसरून ऑफिसला गेले. गुणवंतनं अर्ध्या रस्त्यातून बस सोडली, मागे फिरला, काकूंकडून चष्मा घेतला आणि नऊ मिनिटं उशिरा पोचला. काकांनी चष्मा लावला, हजेरीपट उघडला आणि स्वच्छ दिसणाऱ्या नजरेनं गुणवंतच्या नावापुढे लाल रेघ ओढली.

"बाळ्या, अरे, तुझाच चष्मा आणायला गेलो होतो!"

"तसं लेखी दे."

गुणवंतनं दिलं नाही. अशा तीन रेघा झाल्या, आणि तो राजीनामा देऊन पानिपतला मेव्हण्याच्या विणकामाच्या कारखान्यात निघून गेला. वर्षभरानं तिथून एक पार्सल आलं. आत हातमागावरचा पांघरायचा जाडजूड खेस, काठाला निळ्या पट्ट्यात एकच पिवळा धागा. चिठ्ठी नाही. काकांनी घडी उलटीपालटी करून पाहिली. सोबत पत्रच नाही तर पोच कुणाला आणि कशी द्यायची? काकू म्हणाल्या, "दोन ओळी लिहा की!" काका म्हणाले, "त्यानं आधी लिहावं." त्या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. खेस इतका विरला की त्यातून पेपर वाचता येई.

यंदा थंडीत काका आजारातून उठले, तो खेस पांघरून बसले आणि त्यांना गुणवंत हवासा झाला. तो मेला असेल किंवा आपण मरू, त्याआधी ती लाल रेघ चुकली एवढं त्याला सांगायचं होतं. पण पत्ता नव्हता, आणि शंकापेटीवर माणसं शोधायला मनाई. तो नियम काकांनीच केलेला. मग त्यांनी नियमात बसणारा प्रश्न टाकला: 'पानिपती खेसाच्या काठात निळ्यामध्ये एकच पिवळा धागा का विणतात?' गुणवंतच्या नजरेला पडला तर तो ओळखेल, एवढीच आशा.

महिना गेला. काका रोज बघत. उत्तर शून्य.

एका बुधवारी नात तनया तिच्या नोएडाच्या ऑफिसातून थेट आली. काकांनी तिलाच बघायला सांगितलं. तिनं पुसलेल्या मजकुराची यादीही उघडली.

"आजोबा, उत्तरं आलीयेत ना. तीन. पण डिलीट केलीयेत यार कुणीतरी."

"कुणी?"

तनयानं स्क्रीनकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "तुम्हीच."

नव्या मजकुराच्या तपासणीच्या रांगेत प्रश्न दिसत नसे. मजकुराची पहिली ओळ दिसे, आणि पुसलेल्या मजकुराची सूचनाही आपोआप पुसली जाई. काकांचा हात सकाळच्या चहासोबत शंभर-शंभर नोंदी झाडून टाकायचा. तनया वाचू लागली. पहिलं:

'हे उत्तर नाही, पण कमेंट करायला मला गुण पुरत नाहीत म्हणून इथं लिहितो. बाळ्या, म्हणजे खेस पोचला तर! पिवळा धागा मी मुद्दाम घातला होता, तू विचारशील म्हणून. मागांच्या खडखडाटात माझे कान गेले, फोनवर ऐकू येत नाही. लिहून बोलू.' खाली पानिपतचा पत्ता.

दुसरं आठ दिवसांनी: 'हे उत्तर नाही, पण आधीचं पुसलं गेलं. चुकून असेल. मुलगी नीरजा मला कायमचं नागपूरला नेतेय. त्याआधी भेटशील का?'

तिसरं: 'हे उत्तर नाही. रविवारपर्यंत आहे.'

"आजचा वार कोणता?" काकांनी विचारलं. वार त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं काका आणि तनया पानिपतला गेले. कारखान्यामागची गल्ली सापडली, दारही सापडलं. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी पंजाबी बाई, गल्लीची 'बीजी', मटार सोलत उन्हात बसली होती. तिनं काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आप दिल्लीवाले दोस्त हो?"

"जी."

"सोमवार को चले गए. कहते थे, दोस्त ने तीन बार लौटा दिया. मैंने कहा, प्रधानजी, एक बार और लिखो. बोले, बीजी, चौथी बार कौन जाता है."

काका पायरीवर टेकले. बीजीनं त्यांच्यापुढे पाणी ठेवलं, मग स्वतःच्या फोनवरून नीरजाचा नंबर लावून तो त्यांच्या हाती दिला.

"नीरजा, मी बाळ खांबेटे बोलतोय."

नीरजा कोरड्या आवाजात म्हणाली, "हां काका, बोला. बाबा समोरच बसलेत, पण त्यांना ऐकू येत नाही. मी पाटीवर लिहून दाखवते."

रात्रभर काकांनी मनात पानंच्या पानं भरली होती. आता एका अनोळखी मुलीला खडू घेऊन तिष्ठत ठेवून त्यातलं काय लिहायला लावायचं?

"लिही," ते म्हणाले, "की चष्मा माझा होता, हे मला माहीत होतं. रेघ ओढताना माहीत होतं."

खडूचा करकर आवाज आला. थांबला.

"लिहिलं. अजून काही?"

"तिन्ही वेळा मी वाचलंच नव्हतं. हेही लिही."

पुन्हा करकर. बीजीच्या परातीत मटार टपटप पडत होते. तनया आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"वाचलं त्यांनी," नीरजा म्हणाली.

"मग? काय म्हणतो?"

"मान हलवली."

"कशी? हो म्हणून, की नाही म्हणून?"

"नुसती हलवली, काका," नीरजा म्हणाली. "आणि पाटी पालथी घातली."