डावा मागचा पाय

सासरे चाळीस वर्षं खुर्च्या दुरुस्त करत होते आणि त्यांतली शेवटची पंधरा वर्षं मी त्यांना सरस उकळून देत होते. पटाशीला मात्र त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. ‘बाईच्या हातचा सांधा धरत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या खुर्चीत, मागच्या दोन पायांवर रेलून आणि डावीकडे कलून, ते मला तोंडावर ऐकवायचे. त्या रेलण्यानंच खुर्चीचा डावा मागचा पाय खिळखिळा झाला होता.

ते गेल्यावर दुकान मी चालवते म्हटलं, तर नवऱ्यानं तीच खुर्ची माझ्या पुढ्यात ठेवली.

“ही धड झाली तर दुकान तुझं. नाहीतर रविवारी कुलूप.”

मी सांधा उकलला, जुना सरस खरवडून नवा लावला आणि दोरी आवळून खुर्ची रात्रभर ठेवली. सकाळी दोरी तशीच होती, गाठही माझीच होती, आणि पाय लटपटत होता. माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून पुन्हा सगळं केलं, वर पाचरही ठोकली. दुसऱ्या सकाळी पाचर खाली पडलेली होती आणि मागच्या पायांशी फरशीवर दोन ताजे ओरखडे होते. खरं तर मला भीती वाटायला हवी होती, पण अंगाचा तिळपापड झाला.

तिसऱ्यांदा मी सकाळीच सरस लावला आणि समोर स्टूल टाकून दिवसभर तिथून हलले नाही. दुपारी लाकूड करकरलं, दोरी ताणली गेली. मी उठून दोरीत काठी घातली आणि आणखी दोन पीळ दिले.

संध्याकाळी दोरी सोडली. नवऱ्यानं पाय हलवून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खुर्ची घरात न्यायला उचलू लागला. ती जागची हलेना.

“अगं, काय भरलंयस हिच्यात?”

मी दुसऱ्या बाजूनं हात लावला, तरी हलेना. तो हात सोडून दारापर्यंत मागे गेला.

मी पदराला हात पुसले.

“रेला, मामंजी,” मी म्हणाले. “सांधा माझ्या हातचा आहे.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खुर्चीचे पुढचे दोन पाय सावकाश जमिनीवरून उचलले गेले आणि ती डावीकडे कलून तशीच राहिली. सांध्यानं हूं की चूं केलं नाही.