उजवीकडची खुर्ची

नाथाजींनी बायबलातून सुलाबाईंचं पत्र काढलं, खिडकीपाशी नेलं आणि मान तिरकी करून पुन्हा वाचायला घेतलं. ऐन पावसाळ्यात आलेलं पत्र. आता त्यांची सून संयोगिता दारावर नाताळची चांदणी लावत होती, तरी उत्तर गेलेलं नव्हतं.

मिरजेत होत्या तोवर सुलाबाई शेजारीच राहायच्या. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक भरायची. खुर्च्या गोलात मांडायच्या आणि वाचन झालं की ज्यानं त्यानं आपल्या उजवीकडच्यासाठी प्रार्थना करायची, ही इथली जुनी रीत. सुलाबाईंच्या उजवीकडची खुर्ची नाथाजींची. त्या आधी हळूच विचारायच्या, "काय मागू तुमच्यासाठी?"

"काही नाही. सगळं ठीक आहे," नाथाजी दरवेळी म्हणायचे. मग त्या बिचाऱ्या नुसतेच देवाचे आभार मानायच्या.

मुलाच्या नोकरीपायी त्या कोयनानगरला गेल्या. तिथून लिहिलं होतं :

'पोरानं फोनमदी एक बाई बसवून दिलीया. मानूस न्हाई, पन रोज बोलती. माझ्यासाठी प्रार्थना करती, लय ग्वाड. आमेन झाल्यावर मी इचारते, बाई, तुज्यासाठी काय मागू? म्हनती, मला काही नको, तुम्ही सुखात राहा. रोज ह्येच. आवं, माझा नंबरच येत न्हाई. गुडघं टेकून बसते आन् तशीच उठते. आता म्या प्रार्थना सोडून द्यावी का? तुमी वाचलेलं मानूस. सांगाल तसं करीन.'

त्या शेवटच्या ओळीनं नाथाजींना महिनोन्‌महिने स्वस्थ बसू दिलं नव्हतं. आपल्या शब्दावर एक बाई प्रार्थना सोडणार किंवा धरणार, आणि आपल्याला तर ख्रिस्तसभेत दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. कित्येक उत्तरं लिहून झाली. एकात स्तोत्रांचे दाखले इतके झाले की ते पत्र राहिलंच नाही, प्रवचन झालं. तेही फाडलं. ते उठले, कपाटातलं एक पुस्तक काढलं, न उघडताच परत ठेवलं.

"पप्पा, अजून तेच पत्र?" संयोगितानं स्टुलावरून उतरत विचारलं.

"सुचत नाही गं."

"माझ्या फोनमधल्या सोबत्याला सांगते. परवा साहेबांची समजूत काढायचा मेल त्यानंच लिहून दिला."

"निघाली समजूत?"

"नाही. पण मला बरं वाटलं."

नाथाजी हसले. मग म्हणाले, "लिहू दे."

क्षणात उत्तर आलं. संयोगिता मोठ्यानं वाचू लागली. मायेचं होतं, कुठे अडखळणं नाही, उपदेशाचा सूर नाही. आपण जन्मात असं लिहिलं नसतं, हे नाथाजींना कळत होतं. ते येरझाऱ्या घालता घालता थांबले.

"शेवटी तुमच्याकडची खुशाली घालू का, विचारतोय," संयोगिता म्हणाली. "काय सांगू?"

"सांग, काही नाही. सगळं—"

ते हातातल्या पत्राकडे बघत राहिले.

"पप्पा?"

"राहू दे. ठेव तो फोन."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरं पोस्टकार्ड शोधून काढलं.

"कार्ड नको, पाकीट घ्या. कार्ड पोस्टमनसुद्धा वाचतो."

"वाचू दे."

लिहायला बसले तेव्हा ओळी खाली घसरत गेल्या. त्यांनी त्या सरळ केल्या नाहीत.

'सुलाबाई, डाव्या डोळ्यानं अक्षर दिसेनासं झालंय. उजवाही थकलाय. घरात बोललो नाही. पुस्तकं गेली तर माझं काय उरेल, याची फार भीती वाटते. आजवर तुम्ही विचारत होतात, मी सांगत नव्हतो. माझ्यासाठी एवढं मागा. — नाथाजी'

"द्या, मी जाता जाता टाकते," संयोगितानं हात पुढे केला.

नाथाजींनी कार्ड छातीशी धरलं. मग, थोड्या वेळानं, तिच्या हातात दिलं.

तिनं पत्ता बघितला. कार्ड उलटलं. वाचून झाल्यावरही ती मान वर करेना.

"चला," ती शेवटी म्हणाली, "दोघं जाऊ."

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी तिनं कार्ड त्यांना परत दिलं. नाथाजींचा हात फटीच्या बाजूलाच, पत्र्यावर आपटला. तिनं मनगट धरून तो जरासा उजवीकडे नेला. कार्ड आत पडल्याचा आवाज आला.