पाचवं बेट

साल दोन हजार पाच, जानेवारीचा दुसरा आठवडा. धरणावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. सत्यशीला साडीचा काष्टा घट्ट खोचून काठावर उभी होती आणि समोरच्या पिवळ्या होडग्यात पाय टाकायची तिची हिंमत होत नव्हती.

"मावशी, मधोमध बसा. उभ्या राहिलात तर उलटेल," उर्वशी म्हणाली.

"उलटलं तं उलटलं. खाली माह्यंच गाव हाये. माहेरीच पडीन ना, अजून कुठी?"

उर्वशी हसली. सत्यशीला हसली नाही. तिने बोलण्यात थट्टा केली असली तरी ते खरंच होतं. त्र्याऐंशी साली धरणात पाणी अडवलं तेव्हा तिचं गाव खाली गेलं होतं, शाळा, विहिरी, गोठाणासकट. गावाभोवतीच्या टेकड्यांचे माथे तेवढे पाण्याबाहेर राहिले. त्यांची अकरा बेटं झाली. पुढे तिथल्या बाभळींवर रंगीत करकोचे घरटी बांधू लागले, तेव्हा जंगल खात्याने बेटं राखीव केली. भिंतीकडून मोजत एक ते अकरा आकडे दिले आणि प्रत्येक बेटावर चुन्याने रंगवलेला दगड रोवला. चौथ्या बेटावर माणसाने उतरलं तर चालायचं. बाकीची बंद. पाचव्यावर घरटी सगळ्यांत जास्त, म्हणून तिथे विणीच्या दिवसांत पाऊल ठेवणं म्हणजे सरळ गुन्हा.

सत्यशीलाला आकड्यांची गरज नव्हती. चौथं बेट म्हणजे ढोरबसणीची टेकडी, जिथे दुपारी गावची गुरं बसायची. पाचवं म्हणजे मोहाची टेकडी. लहानपणी धाकट्या भावाला, धर्मपालला, कडेवर घेऊन ती तिथे मोहफुलं वेचायला जायची. आई गेली तेव्हा धर्मपाल तीन वर्षांचा होता. त्याला तिनेच वाढवलं.

उर्वशी नागपूरच्या एका पक्षी अभ्यास मंडळाची. घरट्यांची मोजणी करायला आली होती. मोटरबोटीच्या आवाजाने पाखरं उठतात म्हणून तिने जीपच्या टपावर बांधून दोन कयाक, वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद हलक्या होड्या, आणल्या होत्या. एक एकटीची, एक दोघांची. त्या उतरवताना काठावर जत्रा जमली. कोणी म्हणे केळ्याची साल, कोणी म्हणे डुकराचं टाकं. बेटांची वाट दाखवायला माणूस हवा होता, पण गावात माणसंच कुठे होती? त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. कापसाच्या गाड्या दारव्ह्याला खरेदी केंद्राबाहेर चार-चार दिवस उभ्या राहत आणि जाणते पुरुष एक तर त्या गाड्यांखाली झोपलेले, नाही तर कामाला परमुलखात गेलेले. शेवटी धरणावरच्या विश्रामगृहाच्या सैपाकीणबाईने, सत्यशीलानेच सांगितलं, "मी येते. मले समदं ठाऊक हाये."

वीस वर्षं ती त्या विश्रामगृहात सैपाक करत होती. आताशा तिथे कापसाच्या चौकशीला येणाऱ्या साहेबांचीच वर्दळ असे. दिवसभर ते गावोगाव हिंडत, माना हलवत, आणि संध्याकाळी विचारत, "बाई, कोंबडी झणझणीत करता ना?"

ती करायची. तो शब्द मात्र ती स्वतः कधी तोंडातून काढत नसे. ते कोणाच्या लक्षात येत नसे.

आदल्या संध्याकाळी आणखी एक पाहुणा आला होता. नागोराव साहेब. कधी काळी याच धरणावर उपअभियंता होते, आता निवृत्त. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. कापसाने आता पोट भरत नाही, बेटांवर पर्यटन आणलं पाहिजे, असं ते सगळ्यांना सांगत होते. जिल्ह्याच्या पक्षी-रक्षण समितीचं अध्यक्षपद त्यांना जवळजवळ मिळाल्यातच जमा होतं. चौथ्या बेटावर उभं राहून फोटो काढायचा, तो पेपरात द्यायचा, एवढ्यासाठी ते आले होते.

सत्यशीलाने त्यांना वाढलं. त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

मग ती आपल्या खोलीत गेली आणि फळीवरचा वनस्पती तुपाचा जुना डबा तिने खाली काढला. आत वाळलेला कडुनिंब, आणि कडुनिंबात सात पिसं. करकोच्याची, गुलाबी. दर उन्हाळ्यात धान्याला लावायचा पाला आणला की त्यातला मूठभर ती या डब्यात घालायची, जुना काढून टाकायची. अकरा वर्षं.

चौऱ्याण्णव साली धर्मपाल बेटांवर रोजंदारी चौकीदार होता. पंचवीस वर्षांचा, पाखरांच्या मागे वेडा. कोणत्या घरट्यात किती पिल्लं, ते त्याला तोंडपाठ. एका रविवारी नागोरावांचे पाहुणे बंदूक घेऊन आले. दुपारी नागोरावांनी एक पोतं सैपाकघराच्या दारात टाकलं. "कोंबड्या आहेत असं समज अन् शिजव. पिसं जाळून टाक."

पोत्यातून लांब पाय बाहेर आले होते. सत्यशीला विधवा होती, नोकरी कच्ची होती. तिने खोबरं भाजलं, खसखस वाटली, आणि शिजवलं. पिसं जाळताना सात तेवढी लपवून ठेवली. चार दिवसांनी पाण्यावर पिसं तरंगताना कोणी तरी पाहिली आणि तक्रार झाली. उरलेल्या पाखरांचं पोतं धर्मपालच्या झोपडीत सापडलं. ते तिथे कोणी ठेवलं हे सांगायला झोपडीला तोंड नव्हतं. डोंगरसिंग नावाचा नवा वनरक्षक पंचनामा करत होता. त्याने सत्यशीलाला विचारलं, "बाई, रविवारी तुमी काय शिजवलं होतं?"

नागोराव दारात उभे होते.

"कोंबडी," ती म्हणाली.

धर्मपालला जीपमध्ये बसवलं तेव्हा त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. "ताई, मीठ बरोबर झालं होतं ना?"

पंधरा दिवसांनी तो सुटला आणि नदीपलीकडे आदिलाबादकडे गेला. पुन्हा आला नाही.

तर त्या सकाळी ती सात पिसं सत्यशीलाच्या कनवटीला बटव्यात होती. त्यांचं काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. नागोरावांच्या तोंडावर फेकावीत, एवढंच फार तर मनात होतं.

उर्वशी आपल्या होडग्यातून दहाव्या-अकराव्या बेटाकडे निघून गेली. दोघांच्या कयाकमध्ये नागोराव पुढे बसले. झोळी भिजू नये म्हणून त्यांनी ती मागे सत्यशीलाच्या पायाशी दिली. दोन्ही टोकांना पातं असलेलं ते वल्हं तिच्या हाताला पहिल्या दहा मिनिटांत सरावलं. डावीकडे एक, उजवीकडे एक. जातं ओढण्यापेक्षा हलकं. खालून गाव सरकत होतं. इथे वेशीतली चिंच, इथे भोयांची आळी. पाणी एवढं निवांत होतं की वल्ह्याचे थेंबसुद्धा ऐकू येत.

"छान चालवतेस गं," नागोराव म्हणाले. "कुठली तू?"

"अथलीच. सायब, तुमी मले वळखलं नाई?"

"सैपाकवाली ना? काल वांगं चांगलं झालं होतं."

"माह्या भावाले वळखत असान. धर्मपाल. बेटावर चौकीदार होता."

नागोरावांनी खरोखर आठवून पाहिलं. तिला पाठीमागूनसुद्धा दिसलं की ते मुद्दाम विसरल्याचं सोंग करत नव्हते.

"कोण धर्मपाल? चौकीदार तर कितीक येऊन गेले बाई. कोणाकोणाचं नाव लक्षात ठेवायचं?"

वल्हं एक क्षण पाण्याबाहेर राहिलं. एवढी वर्षं तिला वाटायचं, हा माणूस कधी तरी अंथरुणावर तळमळत असेल. निदान या पाण्याकडे यायला बिचकत असेल. तो तर वांग्याबद्दल बोलत होता.

"खरं हाये सायब," ती म्हणाली. "कितीक येते, कितीक जाते."

नागोराव आता बोटाने बेटं मोजू लागले. भिंतीकडून मोजायची त्यांची सवय होती. आकडे देण्याच्या वेळी तेच नकाशा घेऊन बसले होते. "हे एक. हे दोन."

त्यांचं दुसरं म्हणजे दुसरं आणि तिसरं मिळून एक होतं. त्या वर्षी पाणी एवढं खाली गेलं होतं की दोन्ही टेकड्यांमधली खिंड उघडी पडून त्यांचा एकच लांबट डोंगर दिसत होता. पाण्याखालचं गाव ज्याने पाहिलंय त्यालाच ते कळलं असतं. सत्यशीलाला कळलं.

ढोरबसणी डाव्या हाताला आली. तिथेच उतरायचं होतं.

"हे तीन," नागोराव म्हणाले. "पुढचं आपलं."

सत्यशीलाने वल्हं थांबवलं. "सायब, नक्की ना? मंग मले बोलनार तुमी."

"अगं, ही बेटं मी मोजलीत. तू फक्त चालव."

"तुमी मनाल तसं."

तिने चालवलं. मोहाच्या टेकडीची ही बाजू उघडी, नुसतं गवत. घरट्यांच्या बाभळी पलीकडच्या उताराला. चुन्याचा दगड पाणी उतरल्यामुळे पार वर राहिला होता, गवतात बुडालेला. ती किनाऱ्याला लागायच्या आधी, नागोराव पुढे पाहत असताना, तिने बटवा सोडला. झोळीत वर्तमानपत्रं होती, चष्म्याचं घर होतं. पिसं तिने त्यांच्याखाली सरकवली.

नागोराव उतरले, कंबर धरून सरळ झाले, झोळी खांद्याला लावली. "जा, त्या पोरीला घेऊन ये. कॅमेरा तिच्याकडे आहे."

"आनते. तुमी निवांत फिरा. पलीकडून पाखरं चांगली दिसते."

ती निघाली. पण उर्वशीकडे गेली नाही. तिने पिवळ्या होडग्याचं तोंड जंगल खात्याच्या चौकीकडे वळवलं. डोंगरसिंग आता वनपाल झाला होता, मिश्या पिकल्या होत्या. तो चौकीच्या ओट्यावर चहा पीत होता.

"काय सत्यशीलाबाई, हे काय नवं वाहन घेतलं?"

"भाऊ, पाचव्या बेटावर कोनी मानूस उतरला. पाखरं उठून राह्यली पाहा."

खरंच उठली होती. मोहाच्या टेकडीवर पांढऱ्या-गुलाबी पंखांचं मोठं मंडळ फिरत होतं. डोंगरसिंगने कप खाली ठेवला.

नागोरावांना मोटरबोटीने आणलं, तेव्हा ते सगळ्यांना दरडावत होते. बेटं मोजण्यात चूक झाली, हे त्यांनी मान्य केलं. मग डोंगरसिंगने नियमाप्रमाणे झोळी रिकामी केली आणि वर्तमानपत्रांतून सात पिसं ओट्यावर पडली.

"हे माझं नाही!" नागोराव ओरडले. "कोणी तरी घातलंय. शपथेवर सांगतो, डोंगरसिंग, मला यातलं काही ठाऊक नाही!"

डोंगरसिंगने पिसं एकेक करून मोजली.

"सायब," तो हळूच म्हणाला, "धर्मपाल बी डिट्टो हेच मने."

तेवढ्यात उर्वशीही येऊन पोचली होती. दोन वार्ताहर कापसाच्या बातम्या सोडून पळत आले. नागोराव प्रत्येकाकडे पाहून तेच तेच सांगत होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा ते संपूर्ण खरं बोलत होते. ते खरं आहे हे त्या ओट्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं.

डोंगरसिंग तिच्याकडे वळला. "बाई, तुमी त्याइच्यासंगं होत्या. काही पाह्यलं?"

आता नागोरावांनी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. त्यांच्या डोळ्यांत काही तरी उगवलं; आठवण की भीती, कोण जाणे.

"मी तं सैपाकीन बाई," सत्यशीला म्हणाली. "मले फक्त कोंबडीचंच पीस वळखू येते."

डोंगरसिंगने पिसं उचलून कागदात बांधली. त्यांना कडुनिंबाचा वास होता. त्याने तो घेतला असावा, कारण त्याचा हात नाकाजवळ क्षणभर थांबला. पण पंचनाम्यात वासाचा रकाना नसतो.

नागोरावांचं अध्यक्षपद गेलं. खटला पाच वर्षं रेंगाळला आणि पुराव्याअभावी ते सुटले, पण तोवर पुसदला, त्यांच्या राहत्या गावी, त्यांना लग्नाच्या पत्रिकाही येईनाशा झाल्या होत्या. पुढे ते मुलाकडे पुण्याला गेले. मरेपर्यंत कुठल्या कुठल्या कचेऱ्यांना अर्ज लिहीत राहिले, असं म्हणतात. डोंगरसिंग सन्मानाने निवृत्त झाला. त्या पिसांबद्दल तो कधी कोणाशी बोलला नाही. उर्वशी त्या मोजणीवर मोठी अभ्यासक झाली. जाताना दोघांची कयाक ती सत्यशीलाला देऊन गेली. विश्रामगृहाच्या मागे ती उलटी पडून राहिली, उन्हाने पिवळ्याची पांढरी झाली.

आणि धर्मपाल. त्याच फेब्रुवारीत सत्यशीला एसटीने नदी ओलांडून त्याच्याकडे गेली. तो एका जिनिंगमध्ये रखवालदार होता. डोक्यात, भुवयांत कापसाचं पिंजण अडकलेलं. छत्तिसाव्या वर्षी म्हातारा दिसत होता. कापसाच्या ढिगाजवळ बसून तिने त्याला सगळं सांगितलं, पिसं, मोजणी, ओटा, सगळं. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मंग तुले विचारलं तवा तू काय सांगतलं?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

धर्मपालने मुठीतला कापूस हळूहळू पिंजला, त्यातली सरकी काढून बाजूला ठेवली.

"म्हंजे ताई, तू पुन्हा कोंबडीच मनली."

त्याने तिला चहा पाजला, गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पेरू दिले. घरी चल म्हणाली तर नुसता हसला. दोन हजार अकराला तो तिकडेच वारला.

सत्यशीलाने सैपाकाची नोकरी आणखी आठ वर्षं केली. आदिलाबादहून परतल्यावर तिने तुपाचा तो डबा राखेने घासला, तीन दिवस उन्हात ठेवला आणि त्यात मीठ भरलं. पण कडुनिंबाचा वास काही गेला नाही. जेवताना कोणी साहेब विचारायचा, "बाई, भाजीला हे कडवट काय लागतंय?"

"मीठ," ती म्हणायची, आणि दुसरी पोळी आणायला आत जायची.