तोंडावर नाही म्हणणं

विपावी माझ्या घरात चपला न काढता शिरली, तेव्हाच मी समजले, आज काही खरं नाही.

“लमदुआनताई, तो कोलमन आला होता तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात?”

“डोलावल्या. मग? पाहुणा होता तो.”

“पाहुणा! बिल्डरचा माणूस आहे तो! तुमची इमारत पाडायचीय त्यांना. आता सांगत फिरतोय, थाई म्हातारे खूश आहेत, एकाचाही विरोध नाही.”

मिरच्या कुटताना माझा हात तिथंच थांबला.

खोटं नव्हतं ते. कोलमनने खालच्या ओसरीत नकाशे पसरले, कसं वाटतं म्हणून विचारलं. आम्ही हसून छान, छान म्हणालो. आमच्यात मान हलवली म्हणजे ऐकतोय, एवढंच. नकार असेल तर तो नंतर, सावकाश, तिसऱ्याकडून कळवायचा. खालच्या मजल्यावरच्या प्रयुनकाकांनी तर त्याला आंबा आणि चिकटभात बांधून दिला. आणि त्या मेल्याने आमच्या अगत्याची संमती करून टाकली! संताप संताप झाला माझा.

हॉलीवूडमधली ही आमची गल्ली उभी आहे ती विपावीमुळे. बँकॉकहून आलेली पोर, माझ्या खानावळीत भांडी घासता घासता नगररचना शिकली. मोठ्या नोकऱ्या सोडून इथंच राहिली. शिवणकामाच्या कारखान्यात कोंडलेल्या बायकांसाठी ती कोर्टात गेली, आणि ही स्वस्त भाड्याची इमारतही तिनेच भांडून मिळवली. इथून उठलो तर या शहरात आम्हाला परवडेल अशी एक खोली नाही.

प्रयुनकाका जिना चढून आले. “बाळ, तूच सांग ना त्यांना. तू शिकलेली.”

“मीच सांगते नेहमी! आणि ते म्हणतात, ही बाई भांडकुदळ, म्हातारे बघा किती गोड. काका, भीड भिकेची बहीण. पाडायच्या परवानगीसाठी पालिकेत सुनावणी आहे, तिथं तुम्ही स्वतः नाही म्हणायचं.”

“एवढ्या लोकांसमोर? त्याच्या तोंडावर?” काका असे दचकले, जणू तिने त्यांना चोरी करायला सांगितलं.

सुनावणीला आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून गेलो. कोलमन उभा राहिला आणि लोणी लावल्यासारखं बोलला. “मी यांच्या घरी गेलो. यांनी मला जेवण बांधून दिलं. विरोध आहे तो फक्त या बाईंचा.” लोक हसले. विपावीचे कान लाल झाले. तिने आमच्या रीतीबद्दल सांगायला सुरुवात केली, तर अध्यक्षबाईंनी तिला थांबवलं. “रहिवाशांना बोलू द्या.”

प्रयुनकाका माइकपाशी गेले. त्यांनी आधी अध्यक्षांना हात जोडले, मग कोलमनलाही. आणि हसले. आता हे आभार मानणार आणि आम्हाला रस्त्यावर आणणार!

“नाही,” काका म्हणाले.

“काय नाही?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“घर सोडणार नाही. इमारत पाडायची नाही.”

“मग त्या दिवशी छान का म्हणालात?” कोलमन जागेवरूनच ओरडला.

मला राहवलं नाही. मी काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. “त्या दिवशी तू आमच्या दारात आला होतास. दारात आलेल्याला आम्ही हाकलत नाही. तू आम्हाला हाकलायला निघालास! लाज वाटते का थोडी?”

मग एकेक जण उठला. कुणी खोकत, कुणी काठी टेकत. प्रत्येकाने आधी हात जोडले, मग नाही म्हटलं. परवानगी नाकारली गेली.

बाहेर पायऱ्यांवर कोलमन हात पुढे करून आला. तोच गोड चेहरा. “राग नाही ना, काका? पुढच्या महिन्यात नवे नकाशे घेऊन येतो. भेटू ना?”

विपावी मध्ये पडायला निघाली. काकांनी तिला हाताने मागे सारलं. सवयीने त्यांच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“येऊ नकोस,” काका म्हणाले.

इतकी वर्षं आमच्या वतीने भांडलेली विपावी तिथंच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली.