रात्रपाळीवाल्याची उलटी गोष्ट

मी एक जुनी जपानी चित्रकथा आहे, आणि मित्रांनो, परळच्या चाळीत मला आयुष्यभर उलटंच वाचलं गेलं. माझी पाठ तेच माझं तोंड ठरलं आणि माझा शेवट तीच माझी सुरुवात. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म जपानातला. एका चित्रकार बाईने बारीक टाकाने, काळ्याभोर शाईने मला काढलं. माझ्यात दोन तरुण पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे. त्यांतला एक साधा माणूस, दुसरा पिशाच. दोन लांब सुळ्यांचा, रक्त पिऊन जगणारा. संध्याकाळी पुलावर दोघांची भेट होते आणि ते एकमेकांत गुंतत जातात. एकदा पिशाचाला राहवत नाही आणि तो त्याच्या मानेला तोंड लावतो. पण आपल्या माणसाला आपल्यासारखं करून टाकायला त्याचं मन धजत नाही. म्हणून तो आपणहून सकाळच्या उन्हात जाऊन उभा राहतो आणि त्याची राख होते. खिडकीशी त्याचा मित्र एकटा उरतो, मांडीवर रिकामा कोट घेऊन.

जपानी मुलींनी मला वाचून उशा भिजवल्या. तेव्हाचं माझं कौतुक काय विचारता! पण मग नवी पुस्तकं आली, आणि मी कोबे बंदराजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात येऊन पडले.

तिथे मला हरेश्वरने उचललं. हा मुंबईच्या मच्छीमार नगरातला कोळी, मालवाहू बोटीवर खलाशी. मुखपृष्ठावर दोन पुरुष एकमेकांकडे बघताहेत, एवढ्यावरच त्याने मला घेतलं. दुकानातल्या म्हातारीने मला उजवीकडून उघडून दाखवलं, कारण जपानी पुस्तकं तशीच उघडतात. हरेश्वरने मान डोलावली आणि मला पेटीत कपड्यांखाली ठेवून दिलं.

मुंबईत तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. परळचा सीताराम एका गिरणीत मागावर होता. संपात हाताला काम नाही म्हणून तो मच्छीमार नगरात बांबूंवर बोंबील वाळत घालायला जाऊ लागला. तिथे त्याची आणि हरेश्वरची ओळख झाली. त्या ओळखीचं पुढे काय झालं, ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगते. त्यांचा एकमेकांवर जीव बसला.

एका दुपारी बोंबलांच्या सावलीत बसून हरेश्वरने मला सीतारामच्या हातात दिलं. सीतारामने मला मराठी पुस्तकासारखं डावीकडून उघडलं. म्हणजे थेट शेवटच! मी ओरडणार तरी कशी? आणि हरेश्वर आपला गप्प.

"हा बघ, एकटा बसलाय बिचारा," सीताराम चित्रांवर बोट फिरवत सांगू लागला. "कोट हाय, पण कोटातला माणूस नाय. थांब हां... अरे, राखेतनं उठला की! दिवसा झोपतो, काळोख पडला की बाहेर. तोंड पण पांढरंफटक. हा आपल्यातलाच रे, कायमचा रात्रपाळीवाला!"

हरेश्वर हसून हसून आडवा झाला. "आन ते दात कशाला?"

"मानेवर जखम हाय ना त्याच्या? याने तोंड लावलं, पुढच्या पानावर जखम गायब. डॉक्टरच म्हण ना."

असं करत तो शेवटच्या, म्हणजे माझ्या पहिल्या पानावर आला, आणि त्याचा चेहरा उजळला. "भेटले रे पुलावर! एवढा वाट बघत बसलेला, शेवटी भेटले."

माझ्या शोकांतिकेचा असा बट्ट्याबोळ झाला. वर पानांना बोंबलांचा वास लागला तो लागलाच.

बोट सुटायची वेळ आली तेव्हा हरेश्वरने विचारलं, "थांबशील ना रं?"

सीतारामने मला थोपटलं. "गोष्टीतला थांबला ना? मग मी पण थांबीन."

पुढे काही वर्षं हरेश्वर दर सफरीनंतर परळला यायचा आणि दोघे मला पुन्हा उलटं वाचायचे. मग हरेश्वरच्या थोरल्या भावाने, दत्तूने, त्याला बजावलं, "लगीन कर, नायतर या दारात उभा राहू नको." हरेश्वरने लग्न केलं नाही. तो परदेशी कंपनीच्या बोटीवर गेला तो परत आलाच नाही.

इकडे संप विरून गेला. सीतारामला गिरणीने परत घेतलं नाही. त्याच बंद गिरणीवर तो रात्रीचा पहारेकरी झाला. रात्रपाळीवाला म्हणून ज्याला हसला, तेच त्याच्या वाट्याला आलं. आई, कमलाबाई, सुनेची वाट बघत गेली. भाऊ कोंडीराम बदलापूरला राहायला गेला. "खोली विक आणि चल आमच्याकडे," असा त्याने सारखा लकडा लावला होता. सीताराम एकच उत्तर द्यायचा, "त्याला हाच पत्ता ठाऊक हाय." तो कोण, हे कोंडीरामने कधी विचारलं नाही.

आधी सीताराम मला दर रविवारी ट्रंकेतून काढून फडक्याने पुसायचा. हळूहळू तेही कमी झालं. कसरीने माझे कोपरे खाल्ले. वाट बघणं कुणालाही थकवतं, मी त्याला दोष देत नाही.

मग गिरणी पडली आणि तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. त्याच इमारतीत कोंडीरामच्या मुलीला, संघमित्राला, कॉम्प्युटरवर चित्रं काढायची नोकरी लागली. दुपारी ती काकाकडे जेवायला यायची. एकदा ट्रंकेत चादर शोधताना तिला मी सापडले आणि ती किंचाळलीच.

"काका! हा बीएल मँगा आहे, पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमाची जपानी चित्रकथा! व्हँपायरची लव्ह स्टोरी! तुझ्याकडे कुठून आला?" सीतारामने मला तिच्या हातून घेऊन नेहमीसारखं डावीकडून उघडलं. "आणि उलटा काय धरतोस? इकडून उघडतात हे."

तिने मला सुलटं धरलं आणि चित्रांवरून सगळी गोष्ट सांगितली. सीताराम ऐकत राहिला.

"म्हणजे भेट आधी," तो हळूच म्हणाला, "आणि वाट बघणं शेवटी?"

"वाट कुणाची बघणार? तो मेला ना, काका."

इतक्या वर्षांनी मला कुणीतरी सुलटं वाचलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीतारामच्या ताटातला भात तसाच राहिला. त्याच आठवड्यात त्याने कोंडीरामला फोन करून खोलीला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. सामान बांधून झालं. दारात रद्दीचा गठ्ठा ठेवला होता, त्याच्यावर मी होते.

अशा भर दुपारी चाळीच्या गॅलरीत काठी वाजली. पांढऱ्या केसांचा एक माणूस दारापाशी येऊन उभा राहिला. मी त्याला लगेच ओळखलं. सीतारामने तर त्याच्या उभं राहण्याच्या ढबीवरूनच ओळखलं होतं.

पण तो "ये" म्हणाला नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याची राख होते. पोरीने सांगितलं मला."

"मना ठाव हाय," हरेश्वर म्हणाला. "घेतली तवाच दुकानातल्या म्हातारीने दाखवलेलं, कुठून उघडायची ते."

"मग बोलला का नाहीस? मी आख्खं आयुष्य घातलं रे हिच्या भरवशावर!"

हरेश्वरने काठी दाराला टेकवली. "तू वाचत गेलास आन मना तुझीच गोष्ट खरी वाटली. बोटीवर किती येळा वाटलं, आता काय तोंडाने परत जायचा? तवा तुझंच बोलणं आठवायचा. राखेतनं उठतो तो, म्हनलेलास. उशीर झाला सीताराम. पण आलो."

सीतारामने वाकून मला गठ्ठ्यावरून उचललं आणि सदऱ्याच्या टोकाने पुसलं.

"चप्पल काढ आणि आत ये," तो म्हणाला. "कोंडीरामला फोन करायचाय. खोली विकायची नाय."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी घरात एकदा विचारून बघा, त्याच्या भरवशावर कुणी थांबलेलं तर नाही ना.