पाचवा दिवस येईना

"चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घे, पाचव्या दिवशी देवाला शिव. पण मधी डाग दिसला तं मागचं सोडून दे, नव्याने एकपासून मोज."

सगुणा लग्न होऊन नागावला आली त्याच महिन्यात सासूबाईंनी, जनीबाईंनी, तिला हे सांगून ठेवलं होतं. त्या जाऊन नऊ वर्षं झाली, पण सगुणाने नेम मोडला नाही. सत्तावीस वर्षं पाचवा दिवस ठरल्या वेळी यायचा. ती देवांना अबोली वाहायची आणि घर पुन्हा तिचं व्हायचं.

यंदा मात्र पाचवा दिवस येईचना. थांबलंसं वाटावं, चौथ्याला न्हावं, की संध्याकाळी परत डाग. परत एक. वय सत्तेचाळीस. पाळी जायच्या वेळी असं व्हायचंच, असं शेजारची नीराबाई म्हणाली होती, आणि सगुणाने ते खरं धरलं होतं.

तोवर देवपूजा धाकट्या जावेकडे, सुचिताकडे. तिची गर्भाची पिशवी सहा वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून तिला ना मोजायचं, ना बाजूला बसायचं. बाराही महिने देवाला मोकळी. सगुणा पडवीत बसून आतला कानोसा घेई. सुचिता चिंच लावून ताम्हण घाशी, ते सोन्यासारखं दिसे. एवढं आपल्या हातून कधी उजळलं नाही, हे सगुणाला ठाऊक होतं आणि म्हणूनच बघवत नव्हतं. वाडीत भाड्याने दिलेल्या खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्या बायकांनी पूजेचं कौतुक केलं, तर सुचिता म्हणाली, सगळं वैनींकडून शिकले. सगुणाला ते आणखीच झोंबलं. कौतुकही हिचंच, वर चांगुलपणाही हिचाच!

मंगळवारी गावदेवीची ओटी होती. घराची ओटी थोरल्या सुनेने भरायची. हा एक मान अजून सुचिताच्या हाती गेला नव्हता. सोमवारी सगुणा न्हाली. मंगळवारी पहाटे बघते तर पुन्हा डाग. तांबडा नव्हे, मातकट, तिळाएवढा. हा धरायचा की सोडायचा? विचारायला सासूबाई नव्हत्या. सगुणाने तो सोडून दिला. हिरवी साडी नेसली, ताटात खण, नारळ, तांदूळ घेतले आणि मागच्या दाराने निघाली.

विहिरीपाशी सुचिता कपडे पिळत होती. तिने ताटाकडे पाहिलं, मग दोरीवर वाळणाऱ्या, पाळीच्या कापडाच्या घड्यांकडे. काल वाळत घातलेल्या घड्यांशेजारी आज एक ओली होती.

"वैनी, थांबलं का गो?"

"थांबलं. आज पाचवा."

"तसं न्हाय इचारत. पयला डाग कधी दिसला?"

सगुणाचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नाही. "तुला कशाला चौकशी? तुझं बरं हाय. देवाने तुला मोकळी केली."

सुचिताने हातातला पिळा बादलीच्या काठावर ठेवला. "देवाने न्हाय, डॉक्टरने. मीबी अशीच मोजायची. डाग दिसला की परत एक. दीड महिना मोजलं, मंग उभ्याउभ्या पडली. आधी आली असतीस तं गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला अजून एक पोर हवी होती, वैनी. तू नुसतं माझं सोवळं बघतेस."

मनातल्या मनात सगुणा मागे मोजत गेली. पहिला डाग एकादशीच्या आदल्या दिवशी. उपासाचे साबुदाणे भिजवायला सुचिताला सांगावं लागलं होतं. मग दुसरी एकादशीही बाजूला बसूनच गेली, तिलाही आज दोन दिवस झाले. चार-चार दिवसांचे तुकडे करून आपण जे मोजलं, ते सगळं एकच होतं. अठरा दिवस. चार नव्हे, पाच नव्हे.

"जा, ओटी तूच भर," सुचिता म्हणाली. "मी कोणाला सांगणार न्हाय. पण शब्द दे, उद्या अलिबागला जाशील. त्या बाईंकडे."

सगुणाने ताट सुचितापुढे धरलं. देवीला फसवून मान घ्यायला तिचं मन धजेना. सुचिताने ओले हात पदराला पुसले, ताट घेतलं, आणि ते तिच्या हातात शोभलं. सगुणाला तेच झोंबलं. दोन गोड शब्द बोलावे असं वाटूनही ओठांवर आले नाहीत. "जाईन," एवढंच ती म्हणाली.

बुधवारी सकाळी नवरा, दयाराम, पाहुण्यांच्या चहात गुंतला होता. सगुणाने एका कागदावर दोन्ही एकादशा लिहिल्या, मधले सगळे दिवस एकाखाली एक लिहिले, कुठेही नव्याने एक न करता. आत सुचिताची आरती सुरू झाली होती. ती ऐकून आजही तिच्या काळजात चरचरलं. तिने कागद पिशवीत घातला, चपला सरकवल्या आणि कोणाला हाक न मारता अलिबागच्या रिक्षांच्या नाक्याकडे चालू लागली.